समासातली खूण

मिसेस रोझेन यांनी मायक्रोफिल्मचं रीळ माझ्या टेबलावर ठेवलं. "नलिनी, यातल्या एका पानावर समासात खूण आहे," त्या म्हणाल्या. "ती मला शक्य तेवढी मोठी करून दे."

एरवी त्या रीळ ठेवून निघून जायच्या. त्या दिवशी खुर्ची ओढून शेजारीच बसल्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, न्यू जर्सीतली. मी तेव्हा एका डॉक्युमेंट लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन होते. जुन्या कागदांचे बारीक फोटो घेऊन ते फिल्मच्या पट्टीवर साठवायचे आणि कुणी मागितलं की त्या फिल्मवरून वाचण्याजोगे प्रिंट काढायचे, हे आमचं काम. कपाटभर दप्तर एका खोक्यात मावतं, हा मायक्रोफिल्मचा फायदा. पार्ट्यांमध्ये माझ्या कामाबद्दल कुणी विचारलं की माझा नवरा श्रीकांत सांगायचा, "ही झेरॉक्स काढते." मी कधी दुरुस्त केलं नाही. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

मिसेस रोझेन लॅबच्या नव्हत्या. काही नाझी अधिकारी युद्धानंतर खोटी माहिती देऊन अमेरिकेत शिरले होते. त्यांना शोधणाऱ्या सरकारी वकिलांसाठी त्या जर्मन कागद वाचायच्या. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, कायम एकच करडा कोट घालणाऱ्या. सोळाव्या वर्षी जर्मनीतून एकट्या न्यूयॉर्कला आल्या होत्या. आईवडील मागे राहिले ते राहिलेच. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं होतं. त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटायचा आणि थोडी भीतीही. मायकेल म्हणून तरुण सरकारी वकील होता. तो कधी तावातावाने म्हणाला, "ऑफ कोर्स, त्याला सगळं माहीत होतं," की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुठल्या पानावर?" मायकेल परत फाइल चाळायला लागायचा.

मी रीळ रीडरवर, म्हणजे फिल्म मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवलं. पान आलं. टाइप केलेलं, स्वच्छ, समास सरळ, वर जावक क्रमांक, खाली प्रती कुणाकुणाला गेल्या त्याची यादी. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो, किती नीटनेटकी फाइल, हा. माझे वडील, अण्णा, धुळ्याला कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी असा कागद चारचौघांत दाखवला असता.

मग मिसेस रोझेननी त्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. जर्मनांनी जिंकलेल्या एका शहरात ज्यू लोकांना एका वस्तीत कोंडलं होतं. त्यातल्या कामाला उपयोगी माणसांची एक यादी आणि निरुपयोगी माणसांची दुसरी. दुसऱ्या यादीतल्यांना अमुक तारखेला 'हलवायचं', त्यासाठी इतके ट्रक, वस्तीभोवती इतका पहारा, आणि त्या दिवसापासून तेवढ्यांचं रेशन बंद. 'हलवणे' या शब्दाचा अर्थ त्या कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होता. शहराबाहेर खड्डे आधीच खणून झाले होते. दुसऱ्या यादीत बहुतेक म्हातारी माणसं आणि मुलं होती.

आणि रेशन बंद करण्याच्या ओळीशेजारी, डाव्या समासात, एक तिरकी रेघ आणि तिला खाली छोटी शेपटी. ती खूण.

आता ती एवढी महत्त्वाची का, ते सांगते. त्या भागाच्या नागरी प्रशासनाचा प्रमुख असलेला अधिकारी आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, झाडांनी भरलेल्या एका गल्लीत, मुलीच्या घरी राहत होता. त्याने स्वतः बंदूक कधी हातात धरली नव्हती. वस्तीला कुंपण कुठून घालायचं, कुणाला किती ब्रेड, कुठल्या दिवशी कुठली गल्ली, ट्रक कुणाकडून मागवायचे, हे सगळं त्याच्या कार्यालयातून ठरायचं. इतकी माणसं मारायची तर मारणाऱ्यांपेक्षा जुळवाजुळव करणारे जास्त लागतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने फॉर्मवर लिहिलं होतं की युद्धात आपण लाकडाच्या वखारीत कारकून होतो. परदेशात केलेल्या खुनांचा खटला इथे चालवता येत नव्हता. खोटं बोलून नागरिकत्व मिळवलं एवढंच सिद्ध करता येत होतं. तेवढं झालं, तर नागरिकत्व जाऊन त्याला देशाबाहेर काढता आलं असतं.

तो त्या कार्यालयाचा प्रमुख होता, हे एव्हाना त्यानेही कबूल केलं होतं. आता त्याचं म्हणणं असं की आपण नावापुरते प्रमुख होतो, कागद खालच्या खाली फिरत, हा कागद तर आपण पाहिलाच नाही. सही दुसऱ्याची होती. म्हणजे उरली ती समासातली खूण. ती त्याची असेल, तर कागद त्याच्या नजरेखालून गेला होता.

"आणि बचाव पक्ष म्हणतो ती नोंदणी कारकुनाची आहे," मिसेस रोझेन म्हणाल्या. "तसं मीच लिहून दिलं होतं."

दोन वर्षांपूर्वी याच केसमध्ये त्यांनी शपथेवर त्या फाइलचं पानवार वर्णन दिलं होतं. त्यात या पानापुढे लिहिलं होतं, 'समासात कारकुनाची टिकमार्क.' तेव्हा या खुणेकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आता त्या म्हाताऱ्याचे वकील तेच वाक्य ढालीसारखं पुढे करत होते. मिसेस रोझेनना मध्यंतरी शंका आली होती, कारण कारकुनाच्या टिकमार्क नेहमी जावक क्रमांकापाशी असतात, मजकुराशेजारी नसतात. पण नुसत्या शंकेवर त्या बोलणार नव्हत्या.

मी तीन दिवस त्या खुणेच्या मागे लागले. लेन्स बदलली, पेपर बदलला, एक्स्पोजर कमीजास्त केलं. खूण मोठी होत गेली तशी विरघळत गेली. त्याला कारण आहे. आमच्याकडची फिल्म मूळ कागदाची नव्हे, फिल्मच्या फिल्मची फिल्म होती. दर कॉपीला थोडा तपशील गळतो. शेवटी माझ्या हातात बशीएवढी राखाडी रेघ आली आणि ती कुणाचीही असू शकत होती. हस्ताक्षरतज्ज्ञाने एक नजर टाकून सांगितलं, एवढ्याशा फटकाऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही.

आमचे बॉस मिस्टर डोलन वैतागले होते. "आपण कॉपी काढतो, नलिनी. अर्थ लावत नाही. सांग त्यांना, होत नाही म्हणून."

आपण बरं, आपलं काम बरं, हा माझाही स्वभाव. पण मिसेस रोझेनना नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि भलतंच विचारून बसले.

"ही खूण कुठल्या रंगाची आहे?"

"रंग?" त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, आमच्याकडे कचेरीत हिरवी शाई फक्त साहेबांची असायची. कारकुनाने हिरव्या शाईने कागदाला हातही लावायचा नाही. मी लहानपणी कुणाकडून तरी हिरव्या शाईचं पेन आणून गृहपाठ केला, तेव्हा अण्णांनी अख्खी वही फाडून नव्या वहीत लिहायला लावलं होतं. घरात हिरवी दौत दिसली तर लोक काय म्हणतील, एवढी त्यांना धास्ती.

मिसेस रोझेननी डोळ्यावरचा चष्मा काढला. "आम्ही तीस वर्षं हे कागद वाचतोय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीस वर्षं काळे-पांढरे. मला माहीत होतं, जर्मन कचेऱ्यांत पेन्सिलींच्या रंगांचे नियम असतात. मी शिकवलंय हे लोकांना. आणि या पानासाठी मला सुचलं नाही."

युद्धानंतर जप्त केलेले कागद अमेरिकेत आले, त्यांची फिल्म झाली आणि मूळ कागद जर्मनीला परत गेले. तेव्हापासून सगळे अभ्यासक, सगळे वकील आणि आमच्यासारख्या लॅब फिल्मवरच काम करत होत्या. मूळ कागदाला रंग होता, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. ही चूक अडाणी माणसाच्या हातून झाली नसती. ती आमच्यासारख्या तज्ज्ञांनाच जमते.

मायकेलने मूळ फाइल मागवण्यासाठी धावपळ सुरू केली. मिसेस रोझेन मात्र आमच्या लॅबमध्ये येऊन रीडरवर बसल्या. हिरवी असो की लाल, त्या कार्यालयात कुठला रंग कुणाचा हे कागदावर सापडल्याशिवाय रंगाला अर्थ नव्हता. त्या एकेक रीळ बघत गेल्या. दुपारी टपरवेअरमधून आणलेली उकडलेली अंडी खायच्या, मी दिलेला दहीभात नको म्हणायच्या आणि अर्ध्या तासाने थोडा मागून घ्यायच्या. चौथ्या दिवशी त्यांना एक सर्क्युलर सापडलं. हिरवी पेन्सिल फक्त प्रमुखाची. लाल उपप्रमुखाची. निळी विभागप्रमुखांची. बाकी कुणीही हे रंग वापरायचे नाहीत. त्याच्या मागच्याच पानावर एका कारकुनाला लेखी समज दिलेली होती, हिरवी पेन्सिल वापरल्याबद्दल. दोन्ही कागदांखाली त्या म्हाताऱ्याचंच नाव आणि हुद्दा टाइप केलेला. ते रीळ आमच्याच कपाटात, शेजारच्या खोक्यात पडून होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

त्या शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळी जेवायला होती. मी थोडं बोलून गेले. श्रीकांतचा मित्र म्हणाला, "ऐंशीचा म्हातारा आहे यार. आता त्याला हाकलून कुणाला काय मिळणार? सोडून द्या ना." दोनचार जणांनी माना हलवल्या. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जेवणाच्या टेबलावर मांडण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या यादीतही बहुतेक ऐंशीचेच होते, नाहीतर आठचे. तेवढ्यात आमची मेघा, तेव्हा अकरा वर्षांची, वाढता वाढता म्हणाली, "बट आई, ही लाइड ऑन द फॉर्म, राइट? यू हॅड टू फिल दॅट फॉर्म टू." मित्र हसला आणि विषय बदलला. मला लेकीचा अभिमान वाटला, पण तेव्हा मी फक्त तिला पोळ्या आणायला पाठवलं.

मूळ फाइल जर्मन आर्काइव्हचा एक माणूस कुलूपबंद पेटीत घालून घेऊन आला. कोर्टाच्या इमारतीत एका खोलीत ती उघडायची ठरली. दोन्हीकडचे वकील, कोर्टाचा क्लार्क, मिसेस रोझेन, तो म्हातारा आणि कॅमेरा घेऊन मी. पेटी उघडण्याआधी मायकेलने मिसेस रोझेनना कोपऱ्यात घेतलं. मी जवळच ट्रायपॉड लावत होते, त्यामुळे ऐकू आलं. तो म्हणत होता की आधी आपण एकटे बघून घेऊ, परवानगी मिळेल. खूण साध्या पेन्सिलीची निघाली तर विषयच काढायचा नाही.

"सगळ्यांसमोर," मिसेस रोझेन म्हणाल्या. "आणि जो रंग निघेल तो रेकॉर्डवर जाईल. साधी पेन्सिल निघाली तरी."

"मग आपण केस हरू."

"मग हरू."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण हातातली पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या क्षणी मला त्यांच्याइतकं मोठं माणूस आपण पाहिलं नाही असं वाटलं, आणि आजही वाटतं.

फाइल उघडली. आर्काइव्हचा माणूस कापसाच्या हातमोज्यांनी पानं उलटत होता. म्हातारा समोरच बसला होता. अंगात विणलेलं स्वेटर, कानात मशीन. आमच्या गल्लीत राहत असता तर मी रोज त्याला हॅलो म्हटलं असतं. दोन पानं जराशी तिरकी बाहेर आली होती. त्याने हात पुढे केला आणि कडा जुळवायला लागला. आर्काइव्हच्या माणसाने त्याचा हात अडवला. म्हाताऱ्याने हात मागे घेतला.

मग ते पान आलं. खूण हिरवी होती. चाळीस वर्षांनंतरही गर्द हिरवी, कच्च्या कैरीसारखी. मिसेस रोझेननी मला मानेने इशारा केला आणि मी कामाला लागले. पानाशेजारी कलर कार्ड ठेवलं. कार्डावर ठरावीक रंगांचे चौकोन असतात. फोटोत ते चौकोन बरोबर उतरले, तर पानाचाही रंग बरोबर उतरला असं मानतात. कॅमेरा हलू नये म्हणून केबल रिलीज, म्हणजे लांबून बटण दाबायची वायर, लावला आणि प्रत्येक फोटो दोनदा घेतला.

कोर्टात मला आधी बोलावलं. बचावाच्या वकिलांनी विचारलं, फिल्म कुठली, दिवे कुठले, कार्ड नवं होतं का. मी एकेक सांगितलं. मग जरा हसून त्यांनी विचारलं, "रंग ओळखण्यात तुमचं खास शिक्षण झालं आहे?" मी म्हटलं, "मूळ पान याच इमारतीत आहे. जजसाहेबांनी ते बघावं." जजनी मागवून बघितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपल्याकडे म्हणतात. इंग्रजीत ते कसं म्हणायचं हे मला आठवलं नाही, ते बरंच झालं.

मग मिसेस रोझेन उभ्या राहिल्या. मायकेलने त्यांना आधी सांगितलं होतं की दुसरा तज्ज्ञ आणू, तुम्हाला ते फाडून खातील. त्या म्हणाल्या होत्या, माझं वाक्य आहे, मीच मागे घेईन. आणि झालंही तसंच. बचावाचे वकील त्यांचं जुनं शपथपत्र हातात घेऊनच पुढे आले.

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही शपथेवर सांगितलं की ही कारकुनाची खूण आहे?"

"हो."

"ते चूक होतं?"

"हो. मी फिल्म पाहिली आणि कागद पाहिला असं समजले. चूक माझी आहे."

"तुमच्या घरची माणसं त्या युद्धात गेली. या माणसाला शिक्षा व्हावी अशी तुमची इच्छा आहे?"

मायकेल उठायला लागला. त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या अशिलाच्या फायद्याची चूक केली. आज त्याच्या तोट्याची करू शकते. म्हणून आज मी माझं मत आणलं नाही, कागद आणलाय. पेन्सिलीचा नियमही मी केलेला नाही. तो त्यांनीच केला, आणि तो मोडणाऱ्याला त्यांनीच समज दिली."

वकिलांनी शपथपत्र खाली ठेवलं आणि आणखी प्रश्न नाहीत म्हणाले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कोर्टात वाजवत नाहीत, म्हणून मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसले. त्या दिवशी मुद्दाम साडी नेसून गेले होते.

काही महिन्यांनी निकाल लागला. तो कागद त्याने वाचला होता आणि मंजूर केला होता, असं जजनी लिहिलं. नागरिकत्व रद्द झालं. त्याने अपील केलं, ते चालू असतानाच तो मुलीच्या घरी वारला. श्रीकांतचा मित्र म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" पण निकालाचा कागद राहिला. त्या शहरात काय झालं आणि ते कुणी ठरवलं, हे आता एका कोर्टाच्या शिक्क्याखाली लिहिलेलं आहे, आणि ते मागे घेता येत नाही. माझ्या हिशेबी ते कमी नाही.

लॅबमध्ये एक नवा नियम झाला. फिल्म घेण्यापूर्वी कागदावरचे रंग लिहून घ्यायचे. मिस्टर डोलननी तो स्वतःच्या नावाने काढला. मी तक्रार केली नाही.

निकालानंतरच्या सोमवारी मायकेल केक घेऊन लॅबमध्ये आला. मिसेस रोझेनही आल्या, हातात बुटांचं एक मोठं खोकं घेऊन. केकचा तुकडा त्यांनी बाजूला ठेवला आणि खोकं उघडलं. आत इंडेक्स कार्डं होती, एकाला एक लागून, त्यांच्या बारीक अक्षरातली. तीस वर्षांत जिथे जिथे त्यांनी 'समासात कारकुनाची टिकमार्क' असं लिहिलं होतं, ती सगळी कार्डं त्यांनी वेगळी काढून आणली होती.

"मूळ कागद मागवायला किती वेळ लागेल?" त्यांनी मला विचारलं.

"वर्षं लागतील, मिसेस रोझेन."

"मग सुरुवात करू या," त्या म्हणाल्या आणि कोट काढून खुर्चीला अडकवला.

सहा वर्षं लागली. मूळ कागदांचे रंगीत फोटो गठ्ठ्यांनी येत राहिले. त्यांची दृष्टी कमी झाल्यावर त्या माझ्याकडून कार्ड वाचून घ्यायच्या आणि फोटोतला रंगही मीच सांगायचे. बहुतेक खुणा खरोखरच कारकुनांच्या निघाल्या. काही निघाल्या नाहीत.